तबेल्याची बला

हिंदीत एक म्हण आहे, 'तबेले की बला बंदर के सिर'. आपण मराठीत साधारण अशाच वेळी 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणतो. दोष कुणाचा आणि भोगतोय कोण! पण संन्याशाचं समजतं, तबेल्यात माकड काय करत होतं? बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात होता. त्याचा माग काढता काढता मी भायखळ्याच्या घोड्यांपासून थेट चीनच्या वानरराजापर्यंत जाऊन आलो, आणि येताना कोकणातल्या आमच्या मामाच्या बागेत अडकलो. आज तेच सगळं लिहायचं आहे. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी भायखळ्याबद्दल. इथल्या माणसाला 'कुठे राहता?' म्हणून विचारलं की तो 'राणीच्या बागेजवळ' असं सांगतो, मग तो बागेपासून कितीही लांब राहत असो. हल्ली त्यावर लगेच 'पेंग्विन पाहिले का?' असा प्रश्न येतो. (२०१७ पासून पेंग्विन हे आमच्या भागातले सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी आहेत.) पण आमच्या लहानपणी बाग म्हणजे हत्ती आणि माकडं. त्यातही माकडांच्या पिंजऱ्यासमोर गर्दी जास्त. हत्तीकडे माणसं आदरानं बघत आणि माकडाकडे बघून हसत. त्या हसण्यात थोडी भीती असते असं मला आता वाटतं. ते फारच आपल्यासारखं आहे ना!

बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. शेजारचं वस्तुसंग्रहालय १८७२ चं. पण त्याही आधी भायखळा प्रसिद्ध होतं ते घोड्यांसाठी. आज खरं वाटणार नाही, पण मुंबईच्या घोड्यांच्या शर्यती इथे होत. १८३३ साली साहेबलोकांचा भायखळा क्लब निघाला. अरबस्तानातून आणि इराणी आखातातून घोडे जहाजानं मुंबईत उतरत, भेंडीबाजार-भायखळा पट्ट्यात त्यांचे तबेले असत, आणि इथून ते पलटणींना, संस्थानिकांना, शर्यतीच्या शौकिनांना विकले जात. १८८३ मध्ये शर्यती महालक्ष्मीला गेल्या आणि भायखळ्याचं घोडेपण संपलं. ट्राम आली, गिरण्या आल्या, चाळी आल्या.

तर, घोडे म्हणजे तबेले, आणि तबेला म्हणजे माकड!

घोड्यांच्या तबेल्यात एक माकड बांधून ठेवायची चाल आपल्या देशात जुनी आहे. घोड्यांवर येणारी रोगराई, दृष्ट, जी काही बला असेल ती माकडावर जावी ही समजूत. वरच्या म्हणीत आहे ते हेच. माकड आणि घोडा यांची जोडी पंचतंत्रातही सापडते, आणि तिथे ती फार भयंकर आहे. एका राजाच्या वाड्यात माकडांचा कळप पाळलेला असतो. तिथलाच एक मेंढा सारखा स्वयंपाकघरात घुसून खात असतो आणि आचारी हाताला येईल ते त्याला फेकून मारत असतात. कळपातलं म्हातारं माकड म्हणतं, बाबांनो, इथून निघा, या भांडणात मरणार आपण. कुणी ऐकत नाही. मग एक दिवस आचारी जळतं लाकूड फेकतो, मेंढ्याची लोकर पेटते, तो धावत तबेल्यात शिरतो, गवत पेटतं, घोडे भाजतात. आणि वैद्य काय सांगतात? भाजलेल्या घोड्यांना माकडाची चरबी लावा. संपला कळप. मेंढ्याचा आणि आचाऱ्याचा झगडा, त्यात माकडाचा काडीचा संबंध नाही. तबेल्याची बला... म्हातारं माकड मात्र आधीच निघून गेल्यामुळे वाचतं, आणि पुढे त्याचा सूडही घेतं. पण तो भाग आज नको.

आता गंमत बघा. अगदी हीच चाल चीनमध्ये होती. सहाव्या शतकात जिया सिश्ये नावाच्या चिनी अधिकाऱ्यानं शेती आणि पशुपालनावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात घोड्यांच्या पागेत माकड बांधून ठेवा, त्यानं घोडे बुजत नाहीत, वाईट टळतं, रोग जातात, असा सल्ला आहे. माकड कुणाकडून कुणाकडे गेलं हे भांडण आपण नको करायला. पण ही चाल त्यांच्या एका जगप्रसिद्ध कादंबरीत शिरली आणि तिथे तिचा विनोद झाला.

ती कादंबरी म्हणजे 'पश्चिमेची यात्रा'. शंभर प्रकरणांची, आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी छापील प्रत १५९२ ची, लेखक म्हणून वू छंग-अन याचं नाव घेतात. तिचा नायक सुन वुखोंग, वानरराजा. फळाफुलांच्या डोंगरावरच्या एका दगडातून जन्मलेला. बहात्तर रूपं घेऊ शकणारा. एका कोलांटउडीत एक लाख आठ हजार ली पार करणारा. (ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर.) हातात साडेतेरा हजार चिनी शेर वजनाची लोखंडी काठी, जी सुईएवढी करून कानात ठेवता येते. हा इतका उपद्रव देतो की स्वर्गाचा सम्राट म्हणतो, याला इथेच बोलवून नोकरी देऊन टाका, म्हणजे गप्प बसेल. (सरकारी युक्त्या सगळीकडे सारख्याच.) आणि नोकरी कुठली? स्वर्गातल्या पागेची! पदाचं नाव 'पी-मा-वन'. कानाला ते 'घोड्यांची साथ टाळणारा' असं ऐकू येतं. म्हणजे चिनी वाचकाला लगेच हसू. बिचाऱ्याला वाटतंय आपण मोठे साहेब झालो, आणि त्याला ठेवलंय तबेल्यातलं माकड म्हणून. पद सगळ्यात खालचं आहे हे कळतं तेव्हा वानरराजा चिडून टेबल उलथवतो आणि परत डोंगरावर जातो.

मग त्याला दुसरी नोकरी देतात ती आणखी मजेची. अमरत्व देणाऱ्या पीचफळांच्या बागेचा राखणदार! तीन हजार सहाशे झाडं. माकडाला बागेवर बसवल्यावर काय होणार ते कोकणातल्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं. पिकलेली फळं फस्त. त्यावरून स्वर्गात युद्ध होतं, आणि शेवटी बुद्ध त्याला एका डोंगराखाली पाचशे वर्षं दाबून ठेवतो. त्यातून त्याची सुटका होते ती एका भिक्षूच्या सोबतीला म्हणून. तो भिक्षू चालला आहे भारतात, धर्मग्रंथ आणायला.

हा भिक्षू मात्र काल्पनिक नाही. तो म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासातला ह्युएन-त्संग, ज्याला नव्या पुस्तकांत युआन श्वांग म्हणतात. इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला आणि ६४५ मध्ये परत पोचला. सोबतीला अर्थातच माकड नव्हतं. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे की हा माणूस महाराष्ट्रात येऊन गेला. ६४१ च्या आसपास. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता, ज्याच्यापुढे उत्तरेच्या हर्षवर्धनाचं काही चाललं नव्हतं. ह्युएन-त्संगनं आपल्या लोकांचं वर्णन करून ठेवलं आहे. माणसं मानी, उपकाराला जागणारी आणि अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय न राहणारी. मदतीला बोलावलं तर स्वतःचं विसरून धावणारी. लढाईआधी योद्धे दारू पितात, हत्तींनाही पाजतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकांचे कपडे देतात. चौदाशे वर्षांपूर्वीच्या परक्यानं लिहिलेलं हे वाचताना आपल्याच एखाद्या काकांची आठवण होते की नाही?

त्यानं पुढे लिहिलं आहे की राज्याच्या पूर्वेला मोठे डोंगर आहेत आणि तिथे अंधाऱ्या दरीत एक विहार आहे. उंच मंदिर, भिंतींवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग, दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती. तो विहार 'आचार' नावाच्या अर्हतानं बांधला. अभ्यासक हे अजिंठ्याचं वर्णन मानतात. तो स्वतः तिथे गेला की ऐकून लिहिलं यावर मतभेद आहेत. पण अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात 'अचल' नावाच्या स्थविराचा उल्लेख आहे, आणि १६ व्या लेण्याच्या पायथ्याच्या दाराशी हत्ती आजही उभे आहेत.

आणि इथे आपण परत भायखळ्याला येतो. अजिंठ्याचे शिलालेख वाचून छापणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. डॉक्टरकी करता करता ब्राह्मी वाचणारा माणूस! १८६० च्या दशकात त्यांचं हे काम रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आलं. राणीच्या बागेशेजारचं वस्तुसंग्रहालय उभं राहावं म्हणून धडपडणाऱ्यांतही ते होते, आणि १९७५ पासून त्या संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. बागेत माकडं बघून बाहेर पडणाऱ्या किती जणांना माहीत असतं की शेजारच्या इमारतीवर ज्याचं नाव आहे त्यानं अजिंठ्याच्या भिंतींवरची अक्षरं आपल्याला वाचून दिली?

आता तुम्ही म्हणाल, सगळं ठीक, पण हा वानरराजा म्हणजे आपला मारुतीच ना? उडी मारतो, लहानमोठा होतो, शत्रूच्या पोटात शिरून बाहेर येतो, आणि एका सत्पुरुषाची सेवा करतो.

हा वाद शंभर वर्षं चालू आहे. १९२३ साली हू श या चिनी विद्वानानं मांडलं की सुन वुखोंगचं मूळ हनुमानात आहे. त्याच काळातला थोर लेखक लू शून याला ते पटलं नाही. तो म्हणाला, आमच्याकडे व्वूचृछी नावाचा माकडाच्या रूपातला जुना जलराक्षस आहे, ज्याला यू राजानं साखळीनं डोंगराखाली बांधलं होतं, तिथे शोधा. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. तिसऱ्या शतकात, २५१ च्या सुमारास, खांग संगहुई या भिक्षूनं जातककथा चिनीत नेल्या. त्यातल्या एकीत हरवलेली राणी सोडवायला राजाला वानरराजा मदत करतो. नावं नाहीत, पण कथा ओळखीची आहे. दक्षिण चीनमधल्या छ्वानचौ बंदरात बौद्ध मनोऱ्यावर १२३७ च्या सुमाराचं तलवारधारी वानरवीराचं शिल्प आहे, आणि त्याच बंदरात तेराव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर बांधलं होतं. दुसरीकडे, संपूर्ण वाल्मीकी रामायण चिनी भाषेत गेलं ते थेट विसाव्या शतकात. जी श्येनलिन यांनी सांस्कृतिक क्रांतीच्या वाईट दिवसांत गुपचूप ते भाषांतर केलं, आणि ते १९८० पासून छापून आलं. २००८ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

मला विचाराल तर मला 'आपलाच मारुती तिकडे गेला' म्हणून छाती फुगवण्यात फारसा रस नाही. कथा समुद्रावरून येतात जातात, घोड्यांसारख्या. पण दोघांतला फरक मात्र सुंदर आहे. मारुती पहिल्यापासून भक्त आहे. वानरराजा पहिल्यापासून बंडखोर आहे, आणि त्याला माणसाळवावं लागतं, डोक्यावर सोन्याचं कडं घालून. चिनी भाषेत चंचल मनाला 'मनाचं माकड, इच्छेचा घोडा' असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. कादंबरीत वानरराजाला वारंवार 'मनमर्कट' म्हटलं आहे आणि भिक्षूचा पांढरा घोडा म्हणजे इच्छा. परत माकड आणि घोडा! फक्त आता तबेला आपल्या आत आहे.

डोक्यावरचं ते कडं ज्या देवीच्या योजनेनं येतं ती क्वानयिन, करुणेची बोधिसत्त्व. मूळचा आपला अवलोकितेश्वर, तिकडे जाता जाता स्त्री झाला. आणि ही क्वानयिन आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. भायखळ्याच्या पूर्वेला, माझगावात, नवाब टँकजवळ एका साध्या घरासारख्या दिसणाऱ्या दुमजली इमारतीत चिनी मंदिर आहे. सी यिप कून. १९१९ साली इथल्या चिनी खलाशांनी आणि कामगारांनी बांधलेलं. खाली क्वानयिन, वर न्यायाचा आणि शौर्याचा देव क्वान कुंग. गोदीमुळे हे लोक इथे आले. पुढे दातांचे दवाखाने, ब्यूटी पार्लरं, हॉटेलं काढली, मुंबईकर झाले. १९६२ चं युद्ध झालं आणि शेजारी संशयानं बघू लागले. चिनी वंशाच्या भारतीयांपैकी हजारोंना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. अनेक कुटुंबं देश सोडून गेली. युद्ध केलं पेकिंगनं आणि दिल्लीशी, भोगलं ते इथे दात काढून देणाऱ्यांनी. तबेल्याची बला इथेही कुणाच्या माथी गेली ते बघा. आता मुंबईत थोडीच कुटुंबं उरली आहेत. चिनी नववर्षाला मात्र मंदिरात दिवे लागतात. २०१६ चं वर्ष माकडाचं होतं, पुढचं २०२८ चं.

इथवर कथांचं झालं. पण एवढी हजार वर्षं ज्याच्यावर कथा रचल्या त्या खऱ्या प्राण्याचं काय झालं?

चिनी लोक दोन प्रकार मानत. एक 'हौ', म्हणजे आपलं साधं माकड. उपद्रवी, नकलाखोर. वानरराजा या जातीचा. दुसरा 'युआन', म्हणजे गिबन. लांब हातांचा, बिनशेपटीचा, शास्त्रानुसार माकड नव्हेच, कपी. झाडाच्या शेंड्यावरून गाणारा. त्याला सज्जनाचा, तपस्व्याचा मान. एका जुन्या कथेत युद्धात मेलेल्या सैन्यातले सज्जन गिबन आणि सारस झाले, आणि सामान्य लोक किडे आणि वाळू. यांगत्से नदीच्या घळीतून जाणारा प्रवासी गिबनचा आवाज ऐकून रडला नाही तर तो कवीच नव्हे, इतकी त्यावर काव्यं.

आणि आज? यांगत्सेच्या त्या घळींत एकही गिबन नाही. २००४ साली शीआनजवळ एका थडग्यात प्राण्यांची हाडं सापडली. थडगं बहुधा पहिल्या चिनी सम्राटाच्या आजीचं, साधारण बावीसशे वर्षांपूर्वीचं. त्यात एका गिबनची कवटी होती. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की ही जात आज जगात कुठेही नाही. त्यांनी तिला नाव दिलं 'जुन्झी', म्हणजे सज्जन. सज्जन म्हणून पूजलेला प्राणी नामशेष झाला आणि मग त्याला सज्जन हे नाव मिळालं! हैनान बेटावरचे गिबन १९७० च्या दशकात दहाच्याही खाली गेले होते, आता प्रयत्नांनी चाळिसाच्या आसपास आले आहेत. सगळ्या जगात तेवढेच.

चीनचं ते प्रसिद्ध सोनेरी, निळ्या तोंडाचं, वर वळलेल्या नाकाचं माकड तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. अनेक जण त्यालाच सुन वुखोंगचा नमुना समजतात, पण कादंबरीतला शब्द साध्या माकडाचा आहे. या सोनेरी माकडाला १८७० मध्ये मिळालेलं शास्त्रीय नाव तर तुर्की सुलतानाच्या बायकोवरून, रोक्सेलाना, कारण तिचं नाक म्हणे असंच होतं. ही जातही संकटग्रस्त आहे, पण तिच्या बाबतीत निदान एक चांगलं घडलं. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीननं नैसर्गिक जंगलांतली तोड मोठ्या प्रमाणावर थांबवली, आणि हुबेईतल्या शन्नोंगज्यासारख्या जंगलात त्यांची संख्या वाढू लागली. ती कथांनी वाढली नाही, झाडं राहिली म्हणून वाढली.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात सामान्यतः तीन प्रकार दिसतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. उत्तरेकडचं, आखूड शेपटीचं, लाल ढुंगणाचं ऱ्हीसस माकड. आणि आपलं दक्षिणेचं माकड, ज्याच्या डोक्यावर भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असतात. टोपी माकड म्हणू. कोकणात त्याला केळडं म्हणतात. हे जगात फक्त भारताच्या द्वीपकल्पात आहे, तापीच्या खाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दिसतं ते, मदाऱ्याकडे असायचं ते. इतकं ओळखीचं की ते धोक्यात असेल असं मनातही येत नाही.

पण आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ते वर्षानुवर्षं 'चिंता नको' या रकान्यात होतं. २०२० साली त्याला 'असुरक्षित' ठरवलं. २०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात म्हैसूरच्या परिसरात पंचवीस वर्षांत ही माकडं ६५ टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं दिसलं. कारण? एक कारण इतकं साधं आहे की वाईट वाटतं. रस्त्याकडेचे वड. जुन्या राजांनी प्रवाशांच्या सावलीसाठी लावलेले. त्यांच्यावर माकडांचे कळप पिढ्यान् पिढ्या राहत. रस्ते रुंद झाले, वड गेले. दुसरं कारण, ऱ्हीसस. उत्तरेचं हे धटिंगण माकड दक्षिणेकडे सरकत आहे, आणि २०११ च्या एका अभ्यासानुसार जिथे ते येतं तिथून टोपी माकड हटतं. त्याला सरकायला आपणच मदत करतो. शहरात त्रास झाला की पकडून लांब कुठेतरी सोडून द्यायचं. मग तो त्रास दुसऱ्याचा. माकडही बला, आणि बला शेजाऱ्याच्या तबेल्यात!

हे सगळं मी फोनवर मामाला सांगितलं. मामाची वाडी तळकोकणात. नारळ, काजू, थोडी हापूसची कलमं, परसात केळी. मामा शांतपणे ऐकून म्हणाला, "तुमका मुंबयत बसान बोलूक काय जाता! हय येवन एक म्हयनो राखण कर, मगे सांग." आणि त्याचं खोटं नाही. एक कळप सकाळी येतो, शहाळी पोखरतो, अर्धी खाऊन खाली टाकतो, कौलं फोडतो, परसातला दोडका-पडवळ उपटतो. पेरणी सोडून दिलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत. भरपाईचे अर्ज करायचे तर अर्ध्या शहाळ्याचा पंचनामा करणार कोण? ज्याचं वर्षाचं पीक जातं त्याला 'असुरक्षित जात' हा शब्द चेष्टेसारखा वाटतो. मामा मारुतीच्या देवळात दर शनिवारी जातो, आणि तिथून येऊन गोफण घेतो. यात त्याला विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही.

पूर्वी बागायतदार वानरमाऱ्यांना बोलवत. सिंधुदुर्गात वानरमारे नावाचा समाज आहे. नावातच त्यांचं काम. ते वानरं-माकडं मारत, खात, कळपाला वचक राही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते काम गुन्हा ठरलं. कायदा योग्यच होता. पण त्या माणसांना दुसरं काम कुणी दिलं नाही, की बागायतदाराला दुसरा उपाय. एका समाजाचा पोटापाण्याचा धंदा गेला आणि नाव मात्र चिकटून राहिलं.

उपाय नाहीत असं नाही, सोपे नाहीत एवढंच. हिमाचलात नसबंदी झाली. २०१६ मध्ये शिमला शहरापुरतं ऱ्हीससला उपद्रवी ठरवून मारायची परवानगी आली, तर मारायला फारसं कुणी पुढे येईना, कारण मारुतीचं रूप! २०२२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीत ऱ्हीससचं नाव संरक्षित यादीतून गेलं आणि टोपी माकड पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला गेलं. कागदावर स्पष्ट आहे. पण माडाच्या झापांमधून दिसणारं माकड ऱ्हीसस की केळडं हे खालून ओळखायचं कसं? त्याची शेपूट बघा, लांब असेल तर आपलं. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "शेपूट बघीपर्यंत माझो नारळ जाता."

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात महाकपी जातक रंगवलेलं आहे. ती कथा नेमकी आंब्याची आहे हे मला फार विलक्षण वाटतं. गंगेकाठी एक आंब्याचं झाड, त्यावर माकडांचा मोठा कळप. एक फळ नदीतून वाहत काशीच्या राजाला मिळतं. चव आवडते, राजा सैन्य घेऊन झाडापाशी येतो, आणि रात्री माकडं आंबे खाताना बघून धनुर्धारींना झाड वेढायला सांगतो. उजाडलं की सगळी मारायची. तेव्हा वानरराजा पलीकडच्या काठावर उडी मारून वेल बांधतो, वेल थोडी अपुरी पडते, म्हणून स्वतःचं शरीर ताणून पूल करतो. सगळा कळप त्याच्या पाठीवरून पलीकडे जातो आणि त्याची पाठ मोडते. राजा हे बघतो, त्याला अलगद खाली उतरवतो, शुश्रूषा करतो. मरता मरता वानरराजा त्याला सांगतो की राजानं प्रजेचं सुख पाहावं.

ही गोष्ट सांगताना आपण त्यागावर थांबतो. मला मात्र हल्ली झाड दिसतं. झाड एकच होतं. माणसालाही तेच हवं होतं आणि माकडालाही तेच. दोघांपैकी कुणीच खोटं नव्हतं. पलीकडच्या काठावर जायला जागा होती म्हणून तो कळप वाचला. आज मामाच्या बागेपलीकडचा डोंगर उघडा आहे. जांभूळ, उंबर, रानातला आंबा तोडून तिथे एकसारखी काजूची लागवड झाली आहे, पलीकडे रस्ता रुंद होतोय. माकड उडी मारून जाणार कुठे? ते आपल्याच माडावर येणार.

देव केलं म्हणून प्राणी वाचत नाही, हे चीनच्या गिबननं दाखवलं. शिव्या देऊनही तो जात नाही, हे मामाच्या कळपानं. आपण माकडाला आजवर दोनच जागा दिल्या, देव्हारा आणि तबेला. एकीकडे नमस्कार, दुसरीकडे सगळ्या बलांचं ओझं. तिसरी जागा, म्हणजे उंबराचं झाड, रस्त्याकडेचा वड, डोंगरावरचं मिश्र रान, ती मात्र आपण काढून घेतली.

येत्या पावसाळ्यात मामाच्या वरच्या पडीक तुकड्यावर उंबर आणि जांभळाची रोपं लावायचं ठरलं आहे. मामा तयार झाला, पण एका अटीवर. पहिली दोन वर्षं रोपांची राखण मी करायची. चुलत-मावस भावंडांपैकी जे हे वाचत असतील त्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाका. फावडी मामाकडे आहेत, चहा मामी देईल, आणि माकडं बघायला येतीलच!